मोजक्या टेपवर अख्ख्या सर्व्हरचा बॅकअप: कॉम्प्रेशन कधी, कुठे आणि किती

"डबावर ते ३ टीबी लिखेल शे ना, भाऊ?" टेप मध्येच भरून बॅकअप अडकला की जळगाव-धुळ्याकडच्या ऑफिसांतून हमखास हा प्रश्न येतो. लिहिलेलं असतं, हे खरं आहे. एलटीओ-५ च्या (एलटीओ हा बॅकअप टेपचा प्रकार, ५ म्हणजे पाचवी पिढी) टेपवर '३ टीबी' मोठ्या अक्षरांत आणि '१.५ टीबी' त्याच्या जवळपास लहान अक्षरांत छापलेलं असतं. मोठा आकडा कॉम्प्रेशनने, म्हणजे दाबून लहान करून, तुमचा डेटा बरोबर निम्मा होईल असं धरून काढलेला असतो. एलटीओ-६ पासून तर अडीच पट आकसेल असं धरतात, म्हणून २.५ टीबीच्या टेपवर ६.२५ टीबी छापून येतं. भरवसा ठेवायचा तो लहान आकड्यावर.

एक टेप ड्राइव्ह, हाताशी दोन-चार टेपा आणि एक लिनक्स सर्व्हर, एवढ्यावर ज्यांना भागवायचं आहे त्यांच्यासाठी हा लेख आहे. पतसंस्था, डाळ मिल, जिनिंग, दवाखाना, सगळीकडे चूक एकच होते: कॉम्प्रेशन आधी सुरू होतं आणि मोजमाप टेप भरल्यावर. खालचा क्रम मोडू नका. बहुतेक जागा कॉम्प्रेशन सुरू व्हायच्या आधीच वाचते.

टप्पा १: टेपची खरी जागा काढा

कॉम्प्रेशनशिवायची क्षमता अशी: एलटीओ-४ ला ८०० जीबी, एलटीओ-५ ला १.५ टीबी, एलटीओ-६ ला २.५ टीबी, एलटीओ-७ ला ६ टीबी आणि एलटीओ-८ ला १२ टीबी.

पहिला फटका इथेच बसतो. टेप बनवणारे १००० च्या पटीत मोजतात, तर लिनक्सवरची डिस्कची वापरलेली जागा मोजणारी डीयू आज्ञा वाचायला सोप्या रूपात आकडे देताना १०२४ च्या पटीत मोजते. त्यामुळे १.५ टीबीची टेप डीयूच्या हिशेबाने सुमारे १३९७ जीबीच भरते. डीयूने १४५० जीबी दाखवलं म्हणून "बसेल" असं समजून चाललात, तर टेप भरणार हे ठरलेलं. पूर्ण हिशेब एकाच मापात करा. या लेखातले पुढचे सगळे जीबी डीयूच्या मापाचे आहेत. वेगळं माप असेल तिथे तसं लिहिलं आहे.

या १३९७ पैकीही १५ टक्के बाजूला ठेवा. एलटीओ ड्राइव्ह लिहितानाच लिहिलेलं तपासतो आणि एखादा भाग नीट उमटला नाही तर तोच पुढे पुन्हा लिहितो. जुन्या टेपवर त्यात जागा जाते. शिवाय पुढच्या महिन्यात डेटा वाढणारच आहे. म्हणजे एलटीओ-५ साठी तुमची मर्यादा ११८७ जीबी. हा आकडा कागदावर लिहून समोर ठेवा.

तपासणी: एलटीओच्या प्रत्येक कार्ट्रिजमध्ये छोटी मेमरी चिप असते. एसजी-युटिल्स संचातली एसजी-रीड-अ‍ॅट्र ही आज्ञा त्या चिपमधून एकूण आणि शिल्लक क्षमता वाचून दाखवते. सेकंडहँड टेप घेतली असेल तर हे आधी बघा, म्हणजे विकणाऱ्याने कोणत्या पिढीची टेप दिली तेही कळेल.

टप्पा २: डेटाचे गट पाडा

एकूण आकडा कळून उपयोग नाही, कारण प्रत्येक प्रकारचा डेटा वेगळा आकसतो. समजा, एका डाळ मिलच्या सर्व्हरवर फाइलींच्या आकाराप्रमाणे मोजल्यावर हे दिसलं:

- चालू डेटाबेस आणि हिशेबाचा डेटा: ३८० जीबी
- डेटाबेसचे साठलेले जुने डंप (डेटाबेसमधून बाहेर काढलेल्या प्रती): २९० जीबी
- व्हर्च्युअल मशीनच्या डिस्क फाइली: ५०० जीबी
- वजनकाट्याच्या पावत्या, सात-बारा, बिलं यांचे स्कॅन: ६४० जीबी
- सीसीटीव्ही: ९०० जीबी
- लॉग: ५० जीबी

एकूण २७६० जीबी. टेपच्या मापात हे सुमारे २९६३ जीबी होतं, म्हणजे ३ टीबीच्या जेमतेम आत. म्हणूनच माणूस निर्धास्तपणे बटण दाबून घरी जातो. पण सीसीटीव्हीचं रेकॉर्डिंग आणि जेपेग स्कॅन मिळून १५४० जीबी आहेत, आणि ते आधीच कॉम्प्रेस झालेले असतात. दळलेलं पीठ पुन्हा गिरणीत घातल्यासारखं आहे ते. ड्राइव्हने कितीही मेहनत घेतली तरी त्यातून काही निघत नाही. हे दोनच गट १३९७ च्या टेपला पुरून उरतात.

टप्पा ३: जे नको ते वगळा

इथे घाई करू नका. या टप्प्यावर घालवलेला एक तास पुढे दर आठवड्याला फळतो.

सीसीटीव्ही टेपवर न्यायचंच नाही. एखादी घटना जपायची असेल तर तेवढी क्लिप वेगळ्या फोल्डरमध्ये काढून ठेवा. जुन्या डंपांपैकी नुकताच घेतलेला आणि तपासलेला एकच ठेवा. वरच्या उदाहरणात २९० चे ४५ जीबी उरतात. 'नवीन फोल्डर', 'फायनल', 'फायनल कॉपी' अशा नावांनी पडलेल्या नकला मालकाला विचारून काढा. न विचारता काढायच्या नाहीत.

व्हर्च्युअल मशीनच्या फाइलींकडे नीट बघा. फाइलींची यादी देणारी एलएस आज्ञा ५०० जीबी दाखवेल आणि डीयू २१०. त्या स्पार्स फाइली असतात, मधल्या रिकाम्या जागा डिस्कवर लिहिलेल्याच नसतात. टारला (फाइली एका संग्रहात बांधणाऱ्या आज्ञेला) स्पार्सचा पर्याय सांगितला नाही तर तो सगळी शून्यं वाचून संग्रहात भरतो. पुढे ती कॉम्प्रेस होतील हे खरं, पण वाचायला वेळ जाईल आणि रिस्टोअर करताना फाइल ५०० जीबी जागा अडवून बसेल. चालू मशीनची फाइल तशीच उचलायची नाही. मशीन बंद करा किंवा स्नॅपशॉट (त्या क्षणाची गोठवलेली प्रत) घ्या.

सिस्टिमच्या बाजूने प्रोक, सिस, डेव्ह, रन, टेम्प आणि स्वॅप फाइल वगळा. या फोल्डरांत जपण्यासारखं काही नसतं, पण प्रोकमधल्या एखाद्या फाइलीचा आकार प्रचंड दिसतो आणि टार त्यात अडकतो.

सावधान: टारला 'एकाच फाइल सिस्टिममध्ये राहा' असा पर्याय देण्याची अनेकांना सवय असते. होम किंवा व्हार वेगळ्या पार्टिशनवर असेल तर तो भाग गुपचूप सुटतो. बॅकअप छान लहान होतो, टेपवर मावतो, आणि डेटाबेस त्यात नसतोच. डीएफ आज्ञेने सगळी पार्टिशनं बघा आणि प्रत्येकाचं नाव यादीत आलं की नाही ते ताडून घ्या.

वगळल्यावर आपल्या उदाहरणात ३८० + ४५ + २१० + ६४० + ५० म्हणजे १३२५ जीबी उरले. कॉम्प्रेशनला अजून हातही लावलेला नाही आणि डेटा निम्म्याखाली आला. टेपच्या १३९७ मध्ये तो मावतो, आपल्या ११८७ च्या मर्यादेत मात्र नाही. आता कॉम्प्रेशनची वेळ.

टप्पा ४: नमुना घेऊन गुणोत्तर मोजा

प्रत्येक गटातून चार-पाच जीबीचा नमुना घ्या. एकाच मोठ्या फाइलीची सुरुवात नमुना म्हणून चालत नाही. जुनं, नवं, मधलं, सगळीकडून थोडं थोडं उचला. तो झेड-स्टँडर्ड या कॉम्प्रेशन प्रोग्रामच्या तिसऱ्या पातळीवर कॉम्प्रेस करा आणि आधीचा आकार नंतरच्या आकाराने भागा.

समजा डेटाबेसला ३.५, डंपला ६, व्हर्च्युअल मशीनना १.६, स्कॅनना १.०२ आणि लॉगना १० असं गुणोत्तर आलं. मग अंदाजे १०९ + ८ + १३१ + ६२७ + ५, म्हणजे ८८० जीबी. मर्यादा ११८७. बसतं, आणि वर तीनशे जीबी वाढीला जागा राहते.

हे आकडे तुमच्याकडे असेच येणार नाहीत. कुणाचं व्हर्च्युअल मशीन फोटोंनी भरलेलं असतं, कुणाच्या डेटाबेसमध्ये कागदपत्रांच्या प्रतिमाच साठवलेल्या असतात. दुसऱ्याचं गुणोत्तर आपल्या हिशेबात घालू नका.

तपासणी: एखाद्या गटाचं गुणोत्तर अगदी १ आलं आणि तो साधा मजकूर असायला हवा होता, तर तो गट एनक्रिप्ट झालेला आहे का ते बघा. एनक्रिप्ट केलेला डेटा आकसत नाही. म्हणून आधी कॉम्प्रेस, मग एनक्रिप्ट. एलटीओ-४ पासून पुढचे ड्राइव्ह स्वतः एनक्रिप्शन करू शकतात आणि ते हाच क्रम पाळतात. बॅकअप सॉफ्टवेअरमध्ये दोन्ही चालू करत असाल तर क्रम तपासून घ्या.

टप्पा ५: ड्राइव्हमध्ये की सर्व्हरवर? एकाच ठिकाणी

ड्राइव्हमधलं कॉम्प्रेशन प्रोसेसरवर भार टाकत नाही. पण ते डेटाच्या फार छोट्या खिडकीत पुनरावृत्ती शोधतं: एलटीओ-५ पर्यंत १ केबी, एलटीओ-६ पासून १६ केबी. झेड-स्टँडर्ड याच कामाला काही एमबीची खिडकी वापरतो. म्हणून डेटाबेस आणि लॉग सर्व्हरवर कॉम्प्रेस केले तर बरेच जास्त आकसतात.

माझं मत स्पष्ट आहे. टेप पुरेशी असेल तर ड्राइव्हवर सोडा, कारण साधी व्यवस्था बिघडते कमी. जागा कमी असेल, आणि तुम्ही हा लेख वाचताय म्हणजे ती आहेच, तर सर्व्हरवर करा आणि टेप ड्राइव्ह हाताळणाऱ्या एमटी आज्ञेने ड्राइव्हचं कॉम्प्रेशन बंद ठेवा. दोन्हीकडे करून फायदा नाही. एलटीओ निदान न आकसणारा डेटा जवळपास तसाच पुढे सोडतो. जुन्या डीडीएस (टेपचा एक जुना प्रकार) ड्राइव्हवर मात्र असा डेटा फुगतो आणि टेप आणखी लवकर भरते.

झेड-स्टँडर्डची पातळी किती ठेवायची? तीन ते सहा. एक्सझेड हा दुसरा कॉम्प्रेसर जास्त आकसवतो, पण एका कोअरवर सेकंदाला जेमतेम काही एमबी, आणि शेकडो जीबी त्यात घातले तर रात्र पुरत नाही. जीझिप हा जुना कॉम्प्रेसर वापरायचाच असेल तर त्याऐवजी पिगझ घ्या. तो सगळे कोअर वापरतो आणि त्याची फाइल साधा जीझिपही उघडतो. झेड-स्टँडर्डलाही सगळे कोअर वापरायला वेगळं सांगावं लागतं. त्याची 'लाँग' खिडकी २७ च्या पुढे नेली तर उघडतानाही तोच पर्याय द्यावा लागतो. संकटाच्या रात्री ते कुणाला आठवत नाही, म्हणून २७ वरच थांबा.

स्कॅन आणि फोटोंचा गट कॉम्प्रेस न करता नुसता टार करा. दोन टक्क्यांसाठी ६४० जीबी प्रोसेसरमधून काढण्यात अर्थ नाही.

टप्पा ६: आधी डिस्कवर संग्रह तयार करा

संग्रह थेट टेपवर ओतायचा मोह आवरा. एलटीओ-५ ला पूर्ण वेगात सेकंदाला १४० एमबी लागतात. ड्राइव्ह वेग थोडा कमी करून घेतो, पण हजारो छोट्या पावत्या वाचणारी डिस्क आणि वर कॉम्प्रेशन मिळून त्याहूनही मागे पडतात. मग टेप थांबते, मागे जाते, पुन्हा पुढे येते. ही घासाघीस टेप आणि हेड दोन्ही झिजवते आणि वेळही खाते. एक मोकळी डिस्क मधल्या साठवणीला ठेवा. संग्रह तिथे तयार करा, तपासा, मग टेपवर लिहा.

संग्रह बनवताना या गोष्टी पाळा:

१. डेटाबेसचा डंप घ्या. चालू डेटाबेसच्या फाइली कॉपी करू नका. टॅलीचा डेटा सगळ्यांनी टॅलीतून बाहेर पडल्यावरच उचला.

२. सगळ्याचा एक राक्षसी संग्रह करू नका. जीझिप किंवा झेड-स्टँडर्डच्या प्रवाहात मधे एक जागा खराब झाली की तिच्या पुढचं सगळं सहसा हातचं जातं. गटवार, ५० ते १०० जीबीचे स्वतंत्र संग्रह करा. खराबी एकात राहील.

३. 'दोन टेपांवर पसरवू' या भरवशावर राहू नका. जीएनयू टार कॉम्प्रेशन आणि अनेक टेपा ही जोडी स्वीकारतच नाही, सरळ त्रुटी देतो. छोटे संग्रह असतील तर काही पहिल्या टेपवर, काही दुसऱ्या टेपवर, असं सहज वाटता येतं.

४. सिस्टिमच्या भागासाठी फाइलींची मालकी नावांऐवजी क्रमांकांत ठेवा, आणि एसीएल (फाइलींच्या परवानग्यांची यादी) व विस्तारित गुणधर्मही घ्या. पार्टिशनचा आराखडा आणि बसवलेल्या पॅकेजांची यादी साध्या मजकूर फाइलीत जोडा.

५. स्क्रिप्टमध्ये पाइपफेल (साखळीतली कुठलीही आज्ञा फसली तरी चूक कळवणारी सेटिंग) लावा. नाहीतर टार मधेच मेला तरी शेवटचा कॉम्प्रेसर "सगळं ठीक" म्हणून बाहेर पडतो आणि अर्धा संग्रह पूर्ण समजून टेपवर जातो.

तपासणी: प्रत्येक संग्रहाची कॉम्प्रेसरच्या चाचणी पर्यायाने तपासणी करा, टारने आतली यादी काढा आणि चेकसम (फाइल जशीच्या तशी आहे का ते ओळखायचा आकडा) लिहून ठेवा. आता बेरीज करा. डिस्कवरचे संग्रह हेच टेपवर जाणार आहेत, त्यामुळे या क्षणी अंदाज संपला. ११८७ च्या आत नसेल तर टप्पा ३ कडे परत जा. पातळी वाढवून सुटेल अशी आशा धरू नका.

टप्पा ७: टेपवर लिहा

इथली सगळ्यात महाग चूक म्हणजे चुकीचं डिव्हाइस नाव. लिनक्समध्ये टेप ड्राइव्हला दोन नावं असतात. त्यातलं एसटी0 हे प्रत्येक कामानंतर टेप आपोआप गुंडाळून सुरुवातीला नेतं. दुसरा संग्रह मग पहिल्याच्या डोक्यावर लिहिला जातो, कुठलीही तक्रार न करता. एकामागून एक संग्रह लिहायचे तर एनएसटी0 वापरा.

क्रम असा: टेप घाला, राइट-प्रोटेक्टची पट्टी लिहू देणाऱ्या बाजूला आहे ना ते बघा, एमटीने टेप सुरुवातीला न्या, ब्लॉकचा आकार शून्य म्हणजे बदलता ठेवा, ड्राइव्हचं कॉम्प्रेशन बंद करा. मग संग्रह २५६ केबीच्या ब्लॉकने लिहा. टारचा मूळ ब्लॉक १० केबीचा असतो, तो एलटीओला फार लहान पडतो. वाचतानाही हाच आकार लागणार, म्हणून तो लेबलवर टाका.

सर्वांत आधी अनुक्रमणिका: कोणता संग्रह कितव्या क्रमांकावर, त्याचा चेकसम, वापरलेलं कॉम्प्रेशन. मग सिस्टिम, मग डेटाबेस, मग व्हर्च्युअल मशीन, शेवटी स्कॅन. हिशेब चुकून टेप भरलीच तर बाहेर राहील ते शेवटचं, आणि त्या पावत्यांचे कागद बहुधा कपाटात असतात. डेटाबेसचं तसं नाही.

सावधान: टेपच्या मधोमध जाऊन जुना संग्रह "बदलता" येत नाही. जिथे लिहाल तिथे डेटाचा नवा शेवट ठरतो आणि त्यापुढचं काहीही वाचता येत नाही. भर घालायची तर आधी डेटाच्या शेवटाला जा आणि एमटीच्या स्थितीत फाइल क्रमांक बघूनच लिहा.

आपले सुमारे ८९० जीबी (स्कॅन कॉम्प्रेस न केल्याने ८८० हून थोडे जास्त) पूर्ण वेगाने सुमारे दोन तासांत उतरतात. चार-पाच तास लागले तर टेप थांबत-थांबत चालली आहे असं समजा आणि मधली डिस्क तपासा. वीज जाणार नाही या भरवशावर राहू नका; ड्राइव्ह आणि सर्व्हर दोन्ही यूपीएसवर हवेत. फक्त सर्व्हर यूपीएसवर आणि ड्राइव्ह भिंतीच्या सॉकेटवर, असं फार ठिकाणी दिसतं.

टप्पा ८: परत काढून बघा

टेप बाहेर काढा, पुन्हा घाला, प्रत्येक संग्रह वाचून चेकसम जुळवा. कॉम्प्रेस केलेल्या संग्रहावर टारची लिहिता-लिहिता पडताळणी चालत नाही, त्यामुळे ही पायरी टाळता येणार नाही. मग एक डेटाबेस दुसऱ्या मशीनवर उभा करा आणि कालच्या तारखेची एक नोंद उघडून बघा. पतसंस्था असेल तर एखाद्या खात्याची शिल्लक, मिल असेल तर शेवटची आवक.

रेस्क्यू पेन ड्राइव्हवर तुमचा कॉम्प्रेसर आहे का तेही आत्ताच बघा. काही जुन्या रेस्क्यू डिस्कवर जीझिप असतो, झेड-स्टँडर्ड नसतो. आणि ड्राइव्ह बदलायचा विचार असेल तर लक्षात ठेवा: एलटीओ-७ पर्यंतचे ड्राइव्ह दोन पिढ्या मागची टेप वाचतात, एलटीओ-८ फक्त एकच पिढी मागची. एलटीओ-५ च्या टेपा कपाटात असताना एलटीओ-८ घेतला तर त्या वाचायला काहीच उरणार नाही.

टप्पा ९: ऊन आणि धूळ

टेप दीर्घकाळ ठेवायला १६ ते २५ अंश तापमान आणि २० ते ५० टक्के आर्द्रता हवी. जळगाव-भुसावळला मे महिन्यात पारा ४५ च्या घरात जातो, आणि बंद गाडीत किंवा मोटरसायकलच्या डिक्कीत त्याहून कितीतरी वर. दुसऱ्या गावी पाठवायची टेप सकाळी लवकर, तिच्या प्लास्टिक केसमध्ये, माणसासोबत पाठवा. तापलेली टेप पोचल्या पोचल्या ड्राइव्हमध्ये घालू नका. एसीच्या खोलीत २४ तास राहू द्या.

जिनिंगचं कापूस-तंतूंचं उडणं आणि डाळ मिलचा भुसा ड्राइव्हचे शत्रू आहेत. सर्व्हरची खोली यंत्रांपासून लांब ठेवा, ड्राइव्हचं तोंड पंख्याच्या झोतात येऊ देऊ नका. क्लीनिंग कार्ट्रिज ड्राइव्हने मागितल्यावरच घाला. रोज घातल्याने हेड घासलं जातं.

लेबलवर तारीख, टेपचा क्रमांक, ब्लॉकचा आकार, कॉम्प्रेशनचं नाव आणि भरलेली जागा लिहा. तीच माहिती एका वहीत उतरवा आणि वही टेपपासून वेगळ्या इमारतीत ठेवा. वहीत प्रत्येक गटाचं गुणोत्तरही दर महिन्याला टाका. डेटाबेसचं गुणोत्तर ३.५ वरून २.५ कडे घसरू लागलं तर त्यात कुणीतरी फोटो साठवायला लागलं आहे, आणि पुढची टेप मागवण्याआधी ते कुठून येतात हे शोधायला तुमच्या हाती वेळ असेल.